बैलांच्या हौदातला बाप्तिस्मा

माझा बाप्तिस्मा दोनदा झाला आणि दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही, याचा अजून थोडा राग आहे. तान्ही असताना वडिलांच्या चर्चमध्ये पाळकांनी कपाळावर पाणी शिंपडलं. आईचे वडील दुसऱ्या पंथाचे उपदेशक होते, त्यांना ते कधीच पटलं नाही. माणसानं कळत्या वयात, स्वतःच्या मर्जीनं पाण्यात उतरावं आणि अख्खं बुडावं, असं ते सगळ्यांना सांगत. माझी मर्जी विचारायला तेवढे विसरले.

पंचावन्न सालाच्या सुमारास, मी बारा वर्षांची असताना, ऐन थंडीत ते मला समुद्रपूरजवळच्या आपल्या गावी घेऊन गेले. नाल्यात घोट्याइतकंच पाणी होतं. म्हणून शेजारच्या शेतकऱ्यानं बैलांचा हौद घासून भरून दिला. तो हिंदू, पण आजोबांच्या बाजूचा. म्हणाला, "डोकं भिजलं नाई तं आंघोळ कायची?"

"मी येनार नाई," असं वडिलांनी रागानं बजावलं होतं. मी बुडून कुडकुडत वर आले, तर हौदाच्या काठाशी तेच उभे, हातात घरचं घोंगडं. आजोबांकडे न बघता त्यांनी मला गच्च गुंडाळलं.

"बाप्तिस्मा एकदाच होते," ते म्हणाले. "सर्दी कितीकदाही होते."