हुंकार थांबला ती गोष्ट

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे वाचायला घरात एकच पुस्तक होतं, जुन्या लोककथांचं. मुलाने लोहा गावच्या बाजारातून आणलेलं, पुठ्ठा निघालेलं. ते इतक्या वेळा वाचलं की गोष्ट कशी सांगायची ते त्यातून कळलं. त्यात कुणाला नाव नसतं. थोरली, धाकटी, म्हातारी, एवढंच. कुणाला वाईट म्हणायचं नाही, तिने काय केलं तेवढं सांगायचं. वाईट ते ऐकणारीच म्हणते.

श्रावणातल्या शुक्रवारी गल्लीतल्या बाया आमच्या ओसरीवर जमायच्या. गोष्ट मी सांगायची आणि हुंकार माझ्या थोरल्या जावेने द्यायचा. आमच्याकडे रीत अशी, की सांगणारीचं वाक्य संपलं की एकीने ‘हं’ म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट पुढे न्यायची नाही.

पुस्तकातल्या गोष्टी सगळ्यांना पाठ झाल्या. एका शुक्रवारी शेजारीण म्हणाली, “नवी सांग की गं. त्या राजाचं आता आमची म्हैसबी सांगंल.” बाया खदखदून हसल्या. मला ते झोंबलं. मी बसल्या जागी गोष्ट रचली.

एक म्हातारी होती. तोंडात दात नव्हते. तिला दोन सुना. थोरलीने तिच्यापुढे सकाळची, ज्वारीची वाळकी भाकर टाकली आणि पाठ फिरवली.

इथे हुंकार थांबला.

म्हातारी म्हणजे आमची सासू. आणि भाकर टाकली होती मी, धाकटीने. त्या दिवशी खुरपून आले होते, डोकं तापलं होतं. जावेने ताटली उचलली, भाकर दुधात कुसकरली आणि सासूला भरवली. कुणाजवळ बोलली नाही. गोष्टीला एक चांगली आणि एक वाईट लागते, हेही मी पुस्तकातूनच शिकले होते. चांगली मी झाले.

हुंकार थांबल्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. थोरलीच्या ताटातल्या भाकरीचा दगड होईपर्यंत गोष्ट नेली. बाया जावेकडे बघायला लागल्या. सासूची उस्तवार कुठल्या दोन सुनांनी केली, हे गल्लीला ठाऊक होतं.

बाया गेल्यावर जाऊ म्हणाली, “भाकर जवारीची व्हती. तेवढं खरं सांगितलीस.”

पुढे ती लेकाकडे विष्णुपुरीला राहायला गेली. गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेले. म्हणाले, “आक्का, चुकलं माझं.”

ती शेंगा फोडत होती. मान वर केली नाही. “मला काय सांगून राहिलीस? मला ठाऊकच हाय. त्या बायांपुढं सांग.”

श्रावणात बायांपुढे बसले. तीच गोष्ट काढली. हुंकार शेजारणीने दिला. भाकरीपाशी आले आणि तोंडातून निघालं, “एका सुनेनं.” कोणत्या, ते सांगितलंच नाही. शेजारीण ‘हं’ म्हणाली. गोष्ट पुढे गेली. बायांनी थोरलीच धरली असणार.

त्या बाया आता पाच-सहाच उरल्यात. त्यांतल्या दोघींना वाचता येतं. म्हणून लिहिते आहे. वाळकी भाकर धाकटीने टाकली. धाकटी मी.