बंडीखालून ट्रॉलीत

आमच्या घरचा कुत्रा बंडीखालून चालायचा. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. सकाळी ती वावराकडे निघाली की तो दोन चाकांच्या मधोमध, आसाच्या सावलीत शिरायचा आणि बैलांच्या चालीनं दीड कोस जायचा. यात त्याची एकट्याची हुशारी काही नव्हती. हिंगणघाटकडच्या पांदणींवर, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या वाटांवर, दुसरी सावलीच नव्हती, त्यामुळे सगळ्या गावचे कुत्रे असेच चालत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी लग्न होऊन त्या घरात आले. यजमान सेवाग्रामला नोकरीला, शनिवारी यायचे. बाकी दिवस मी, सासूबाई, मामाजी म्हणजे सासरे, आणि वावर. बंडीत बसले की फळ्यांच्या फटींतून खाली कुत्र्याची पाठ दिसायची. पिवळट पाठ, तिच्यावर उन्हाचे पट्टे, आणि ते पट्टे पाण्यावरच्या लाटांसारखे हलत मागे जायचे. चाकाचा कुरकुर आवाज एका लयीत यायचा. मी पाहत राही, आणि पाहता पाहता डोळा लागे. जागी झाले तर पाठ तिथंच, पट्टे तसेच. कधी वाटे की आपण कुठे जातच नाही आहोत, जमीन तेवढी मागे सरकते आहे.

त्या कुत्र्याला नाव नव्हतं. यू-यू केलं की यायचा. पण घरात त्याला एक मोठं काम होतं. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत होती. सासूबाई जवळ असल्या तर निरोप त्यांच्यामार्फत जायचा. नसल्या तर कुत्र्यामार्फत.

"सांग बे तिले, आज चार बाया कापूस वेचाले येऊन राह्यल्या. भाकरी जास्त टाक म्हणा," मामाजी अंगणात कुत्र्याकडे पाहून म्हणायचे.

मी पदर सारखा करून कुत्र्यालाच सांगायची, "टाकल्या म्हणा."

कुत्रा दोघांकडे आळीपाळीनं बघायचा आणि भाकरीची वाट पाहायचा.

पुढे एका हिवाळ्यात लाल ट्रॅक्टर आला आणि त्याच्या मागे लोखंडी ट्रॉली. मामाजी महिनाभर एका ओळखीच्या माणसाकडून चालवायला शिकले. बंडी कडुनिंबाखाली उभी राहिली. पहिल्या दिवशी वेचणाऱ्या बायांबरोबर मी ट्रॉलीत चढले. कुत्र्यानं टायरांचा वास घेतला, दोन फेऱ्या मारल्या आणि ट्रॉलीच्या दोन चाकांच्या मधोमध जाऊन उभा राहिला, नेहमीसारखा.

"तो खाली गेला म्हणा," मी अंगणात उभ्या असलेल्या सासूबाईंना म्हटलं.

"राहू द्या," मामाजी स्टिअरिंगवरून म्हणाले. "त्याले शिकवा नाई लागत. जन्म गेला त्याचा चाकात."

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं, मलाही. चाक ते चाक, असं धरून चाललो. पण बंडीचं चाक बैलांच्या पायानं चालतं आणि कुत्र्याला बैलांचे पाय कळत. ट्रॉली वळणावर आत कापते, हे त्याला कुठून कळणार? आणि ट्रॉलीचा तळ पत्र्याचा होता. त्याला फट नव्हती. मला त्याची पाठ दिसत नव्हती.

ट्रॅक्टर हळू चालला होता. इंजिनचा आवाज बंडीच्या कुरकुरीसारखा नव्हता, पण त्यालाही एक गुंगी होती. पत्रा थरथरत होता, ती थरथर पायांतून डोक्यात चढत होती, बाया बोलायच्या थांबल्या होत्या. नाल्याच्या उतारावर वळण आलं आणि खालून एक किंकाळी.

मी हातातल्या पाण्याच्या गडव्यानं ट्रॉलीचा पत्रा बडवला आणि ओरडले, "मामाजी, थांबवा!"

ट्रॅक्टर थांबला. मी उतरून वाकले. कुत्रा चाकाला लागून बसला होता आणि त्याच्या शेपटीचं टोक टायरखाली होतं. बाकी अंग शाबूत. तो ओरडत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मामाजींनी गिअरवर हात ठेवला, मागे घेण्यासाठी.

मागे घेतली की ट्रॉली आडवी वळते, हे मी महिनाभर अंगणात पाहिलं होतं. आडवी वळली असती तर चाक सरळ त्याच्या पाठीवर.

"मागं नका घेऊ!" मी म्हटलं. "पुढं घ्या. एक वीत. बस, एक वीत."

त्यांनी एक वीत पुढे घेतली. मी मानेला धरून कुत्र्याला ओढून काढलं.

ट्रॉलीतली सगळ्यात म्हातारी बाई वरून म्हणाली, "काय व माय, सासऱ्याले हुकूम सोडून राह्यली सून! अन् थे आयकते बी."

बाया पदरात हसल्या. मामाजींनी गिअर टाकला. दिवसभर त्यांनी कुत्र्यामार्फतही काही सांगितलं नाही. शेपटीचं टोक पुढे वाळून पडलं.

संध्याकाळी ते सासूबाईंना म्हणाले, "उद्यापासून त्याले घरी बांधजो. चाकाखाली मेला तर मले नाई पाहवणार."

तीन दिवस बांधला. चौथ्या दिवशी दोर कुरतडून त्यानं आम्हाला नाल्यावर येऊन गाठलं, आणि धावत धावत तो सरळ चाकांच्या मधेच शिरायला निघाला. मी पुन्हा गडवा बडवला. म्हणजे घरी बांधून तो वाचणार नव्हता. आता त्याला वर घ्यावं लागणार होतं, आणि वर घ्यायचं तर नीट.

मामाजींच्या मनात मडगार्ड होतं. शेजारच्या गावात एक कुत्रा मडगार्डवर बसून यायचा, त्याचं लोकांना कौतुक होतं.

"पाह्य बे," ते कुत्र्याला म्हणाले, "माह्या बाजूले बसशील, राजावानी."

मीही कुत्र्यालाच म्हटलं, "राजा एका खड्ड्यात खाली अन् चाक वरून. मडगार्डवर नाई बसायचं म्हणा."

सासूबाई म्हणाल्या, "मंग ट्रॉलीत बांध, गयात दोर घालून."

"गयात बांधला अन् यानं उडी मारली त फाशीच."

माळ्यावर जुन्या खाटेची नवार होती. रुंद सुती पट्टी, मजबूत. दाभणानं मी तिचे दोन वेढे शिवले, एक पुढच्या पायांच्या पुढून छातीवरून, एक पायांच्या मागून, आणि दोन्ही पाठीवर जोडले. ओढ मानेवर नाही, छातीवर यायला हवी, एवढं एकच डोक्यात होतं. पाठीवरून दोर काढून ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यातल्या कडीला. तिथून दोन्ही चाकं लांब. त्याला उभं राहता यावं, बसता यावं, गोल फिरता यावं, पण पुढचे पाय फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या कडेच्या पत्र्यावर, टेकता येऊ नयेत, असं माप घेऊन दोर कापला. खाली गोणपाट, कारण पत्रा घसरतो आणि दुपारी तापतो. इंजिन बंद झाल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. नांगर किंवा वखर जोडला असेल त्या दिवशी तो बाभळीला बांधलेला, ट्रॅक्टरच्या आसपास नाही.

पहिले दोन दिवस तो खाली उतरायचं म्हणून कुंथत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं वारा शोधून काढला. कान मागे, डोळे अर्धे मिटलेले, नाक वर. चार पायांवर जन्मभर सावलीत चाललेला प्राणी उन्हात तरंगत निघाला होता. मी त्याच्या शेजारी बसे आणि आम्ही दोघंही पेंगत जात असू.

परतीची वेळ वेगळीच असायची. ट्रॉली कापसानं भरलेली, आम्ही कापसावर. दिवसभराचं ऊन कापसात राहिलेलं असे, खालून ऊब यायची. वेणा नदीच्या बाजूनं धुकं वर चढू लागलेलं, तुरीच्या ओळी त्यात बुडत चाललेल्या. कापसावर धक्का बसत नाही, आवाजही दबतो. ट्रॅक्टर कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाचा, चालल्यासारखा वाटे. कुत्र्याचं डोकं माझ्या गुडघ्यावर.

अशाच एका संध्याकाळी तुरीतून ससा निघाला. गुडघ्यावरचं वजन एकदम गेलं, एवढंच मला कळलं. डोळे उघडले तर दोर ताठ आणि कुत्रा फाळक्यावर पोटानं आडवा, पुढचे दोन पाय बाहेर हवेत पोहताहेत, खाली चाक फिरतंय.

नवार तुटली नाही. मी पट्टा धरून त्याला आत ओढला आणि गडवा बडवला.

चूक माझी होती. दोराचं माप मी रिकाम्या ट्रॉलीत घेतलं होतं. कापूस भरला की कुत्रा फाळक्याच्या बरोबरीला येतो, हे इतक्या दिवसांत कापसावर बसूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. गळ्यात दोर असता तर तो तिथंच लटकला असता.

मामाजी इंजिन बंद करून वळले. इकडे तिकडे पाहिलं. सासूबाई नव्हत्या, आणि कुत्रा विचारण्याच्या स्थितीत नव्हता.

"काय झालं व?" त्यांनी मला विचारलं. मलाच.

"काई नाई मामाजी. ससा पाह्यला त्यानं. दोर लांब ठेवला मी."

"लागलं त नाई?"

"कोणाले?"

"दोघायले."

"नाई."

"मंग आखूड कर," ते म्हणाले. "थांबतो मी."

मी दोराला आणखी एक गाठ मारून तो आखूड केला. तेव्हापासून त्या दोराला दोन गाठी होत्या, एक रिकाम्या ट्रॉलीची, एक भरल्या ट्रॉलीची. आणि तेव्हापासून मामाजी किल्ली फिरवण्याआधी मागे वळून विचारायचे, "बसला का?" मी गाठ ओढून पाहायची आणि म्हणायची, "बसला." त्याशिवाय ट्रॅक्टर हलला नाही. पुढे पुढे "बसला का?"नंतर इतर गोष्टीही बोलल्या जाऊ लागल्या. पाऊस, मजूर, माझ्या माहेरची खुशाली. कुत्रा मधे बसून वारा खायचा. निरोपाचं काम संपल्याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही.

आठ-नऊ वर्षं तो असा आला. मग मागचे पाय चालेनात, तेव्हा घरीच राहू लागला. आता बांधायचं कारण नव्हतं. दिवसभर तो कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या बंडीखाली जाऊन पडायचा, दोन चाकांच्या मधोमध, आसाच्या सावलीत. दुपारी भांडी घासताना मी बघायची. फळ्यांच्या फटींतून ऊन त्याच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं असे. झोपेत त्याचे चारही पाय हलत, बैलांच्या चालीनं.

बंडीला बैल नव्हते, ती कुठे जाणार नव्हती. तरी दोन्ही चाकांना मी पुढून-मागून दगड लावून ठेवले होते.