बंद झालेल्या नंबरचा ट्रान्झिस्टर

गल्लीत त्यांना सगळे खरखरकाका म्हणत. कुणी बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर आणला की काका तो सुरू करून डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "खरखर आहे." गिऱ्हाईक म्हणे, "मला तर काही ऐकू येत नाही." काका म्हणत, "तुम्हाला नाहीच येणार." आणि ती खरखर काढल्याशिवाय यंत्र दुकानाबाहेर जात नसे. राहत्या घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, भिंग, तारांचा गुंता, आणि मागे फळीवर धूळ खात पडलेला मीटर. "त्याला आकडा कळतो, आवाज कळत नाही," असं ते ऐटीत सांगायचे. सगळी मदार कानांवर.

गेली काही वर्षं मात्र घरात बारीकसारीक गोष्टी घडत होत्या. दारावरची बेल वाजली तरी काका जागचे हलत नसत. मग काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "अहो, दार!" एकदा काका म्हणाले, "यंदा डास कमी झालेत, नाही?" काकूंनी दंडावरचा फोड खाजवत त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

अशात एक दिवस वाचनालयातल्या बाई आल्या. हातात एक चपटा पत्र्याचा डबा, आणि त्यात रिळाची जुनी टेप.

"काका, यात माझ्या आईचा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "मी तान्ही असताना ती गेली. मावशीच्या कपाटात हे सापडलं. आईनं माझ्यासाठी म्हटलेलं गाणं आहे म्हणे. मी पाळण्यात झोपलेले, म्हणून अगदी हळू म्हटलंय."

आधी त्या दुसऱ्या एका कारागिराकडे गेल्या होत्या. त्यानं टेप जराशी उलगडली, तर बोटाला तपकिरी भुगा लागला. ज्यात आवाज साठवलेला असतो तो थरच सुटत होता. "एकदा वाजेल कदाचित. दुसऱ्यांदा नाही," म्हणून त्यानं डबा परत दिला होता.

काकांकडे रिळाचं मशीन होतं, त्याचा अ‍ॅम्प्लिफायरही त्यांनी स्वतः बांधलेला. पण त्यातला पहिला ट्रान्झिस्टर आता कुरकुरत होता. टेपवरून येणारा आवाज मुंगीएवढा असतो. पहिला ट्रान्झिस्टर तो मोठा करतो, पण स्वतःची काही खरखर असेल तर तीही पुढे तितकीच मोठी होत जाते. म्हणून तिथे मुद्दाम कमी खरखरीचाच ट्रान्झिस्टर लागतो. आणि मूळ ट्रान्झिस्टर ज्या नंबरचा होता, तो नंबर कारखान्यानं कधीच बंद केला होता.

काकांनी बाजार पालथा घातला. बरेच दुकानदार नंबर ऐकूनच हसले. शेवटी एकानं आतून एक पुडी काढून दिली. "जुना माल आहे, नशीबवान आहात." काकांनी घरी येऊन त्यातला एक बसवला, खोलीचं दार लावून कान देऊन ऐकलं. एकदम शांत. त्यांनी बाईंना निरोप धाडला, रविवारी दुपारी या.

रविवारी बाई आल्या. त्यांनी आपला रेकॉर्डर जोडला. काकांनी टेप मशीनवर हळुवार चढवली आणि नुसता अ‍ॅम्प्लिफायर सुरू करून आवाज वाढवला. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती या खोलीत यायची ती चहापुरतीच. कप ठेवता ठेवता ती थबकली.

"बाबा, टेप सुरू झाल्यावर हा आवाज जाईल ना?"

"कुठला आवाज?"

"हा काय, सूंऽऽ असा. फोडणीत पाणी पडल्यासारखा."

काकांच्या कपाळाला आठी पडली. "चहा ठेव आणि जा. हे तुझं काम नाही."

सून गेली नाही. काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई अवघडून म्हणाल्या, "येतोय खरा. मला वाटलं, असाच असतो."

काकांचं बोट बटणावर होतं. एकदा दाबलं की टेप फिरणार, आणि मग पुन्हा संधी नाही. ते डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांना काहीच ऐकू येईना. बाहेरून जाणारी सायकल ऐकू आली, काकूंच्या भांड्यांचा आवाज आला, पण सूं नाही.

त्यांनी बोट उचललं. फळीवरचा मीटर खाली घेतला, बाहीनं पुसला आणि जोडला. काटा जिथे यायला हवा होता त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबला. पुडीतला दुसरा ट्रान्झिस्टर घेऊन त्यांनी त्यावर थिनरचा बोळा फिरवला. छापलेला नंबर पुसला गेला. खाली दुसराच कुठला तरी नंबर होता.

"बाई," काका म्हणाले, "माल खोटा निघाला. पण ते मला ऐकूनच कळायला हवं होतं. मला तो आवाज आलाच नाही. आत्ताही येत नाहीये."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. बाईंनी रिळाकडे हात नेला. "मी टेप घेऊन जाऊ का, काका?"

"नेते म्हणालात तर अडवणार नाही. पण ती रोज झडतेय." काका खुर्चीत जरा पुढे सरकले. "थोडा वेळ द्या. मी नंबर शोधत बसलो, तीच चूक झाली. काम काय आहे ते बघायला हवं होतं."

त्यांनी खणातून एक डबी काढली. त्यात साधे, मध्यम ताकदीचे ट्रान्झिस्टर होते, आजही सर्रास मिळणारे. कमी खरखरीचे म्हणून ते कुणी विकत नाही, पण आतला सिलिकॉनचा तुकडा मोठा असल्यानं त्यातले काही चांगलेच शांत निघतात. मात्र त्यांच्या तारेच्या तीन पायांचा क्रम वेगळा. काकांनी एकेकाचा पाय वाकवला, दुसऱ्या पायाला चिकटू नये म्हणून त्यावर बारीक नळी चढवली. मग हेडफोन सुनेपुढे धरला.

"बस. मी बदलत जातो, तू सांग."

सून जमिनीवरच मांडी घालून बसली. काका काट्याकडे बघत होते आणि ती डोळे मिटून.

"वाईट आहे."

"आता?"

"बरा. पण मधेच टिचकी मारल्यासारखं होतंय."

"आता?"

डबी निम्मी झाली. बाईंचा चहा तसाच गार झाला.

"आता?"

सून काहीच बोलेना. मग डोळे उघडून म्हणाली, "बाबा, सुरू आहे ना?"

काटा पार खाली होता. काकांनी तोच ट्रान्झिस्टर पक्का केला.

टेप सुरू झाली. सुरुवातीला नुसती शांतता, मग एका बाईचा आवाज, अगदी दबका. वाचनालयातल्या बाईंनी पदर तोंडाशी धरला. मशीनखाली तपकिरी भुगा पडत होता. मध्येच टेप चिकटून चीं करू लागली. काकूंनी "अगं बाई" म्हणून भिंतीला हात टेकला. काकांनी बोटानं रीळ अलगद पुढे सारलं. जास्त जोर लागला असता तर तुटलीच असती. आवाज जरा वाहवला, पुन्हा सावरला. गाणं थांबलं. मग काही बोलणं न होता टेप फिरत राहिली, आणि शेवटचे वेढे राहिले असताना पट्कन तुटली.

काकांनी बाईंच्या रेकॉर्डरवरचं रेकॉर्डिंग मागे नेऊन लावलं. आवाज आला. शेपटाएवढं काय ते गेलं होतं, बाकी सगळं उतरलं होतं. बाई ढसाढसा रडल्या. काकू त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

पुढे काकांनी कान तपासून घेतले. बारीक आवाज गेले होते, ते परत येणार नव्हते. ते त्यांनी गिऱ्हाइकांपासून लपवलं नाही. काही जण दुसरीकडे गेले, आणि काका त्या दिवसांत जेवताना फार बोलत नसत. राहिलेल्यांची यंत्रं आता सून ऐकते.

पण त्या रविवारी बाई गेल्यावर काकांनी सुनेला परत बोलावलं होतं. "गाणं थांबल्यावर तू आणि बाईंनी एकमेकींकडे बघितलं. काय होतं तिथे? मला नुसती शांतता वाटली."

"बाळाचा श्वास होता, बाबा."

"कसा?"

सून त्यांच्या कानाजवळ वाकली आणि तिनं तो करून दाखवला.