फडक्यातलं पाणी

अक्काताई मगदूम पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. जाड पांढरं फडकं दुहेरी करून हंड्याच्या तोंडावर बांधायचं, पाणी सावकाश सोडायचं. मग फडकं उलटं करून वरून गाळलेलं पाणी ओतायचं आणि त्यात अडकलेले बारीक जीव जिथले तिथं परत पोचवायचे. शिरोळकडच्या त्यांच्या गावात घरामागं विहीर होती. वरून ओतलं तर जीव पाण्यावर आदळतात, म्हणून त्या ते पाणी लहान बादलीत घेऊन दोरीनं खाली उतरवत आणि बुडाला बांधलेली दुसरी दोरी ओढून बादली अलगद कलती करत. सासूनं लग्नानंतर शिकवलेलं हे काम कधी चुकलं नाही.

मालक वारल्यावर मुलगा अनेकांत त्यांना कळंबा तळ्याजवळच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. तिसरा मजला, नळाचं पाणी. विहीर नाही, मग फडकं धुवायचं कुठं? मोरीत साबणाचं पाणी, तिथं सोडवेना. गॅलरीत कढीपत्ता होता, गवती चहा होता, आणि गावाहून आणलेला मोगरा होता. मोगऱ्याची फुलं त्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात नेत. फडक्याचं पाणी या कुंड्यांत जाऊ लागलं. जितक्या वेळा पाणी गाळायचं तितक्या वेळा. ओल आहे, सावली आहे, जीव जगतील, असं त्यांना वाटे.

पावसाळा सरता सरता घरात चिलटं झाली. तिळाएवढी, काळी. कुंडीला धक्का लागला की मातीतून धुरासारखी उठत. संध्याकाळी दिव्याभोवती फिरत आणि आमटीत पडत. माती उकरली की काचेच्या धाग्यासारख्या अळ्या दिसत, काळ्या डोक्याच्या, बारीक.

सून आदिती बँकेत जाते. आवाज चढवणारी नव्हे. ती म्हणाली, महिनाअखेरपर्यंत वाट बघू. तोवर चिलटं गेली नाहीत तर मातीत औषध टाकू, नाही तर कुंड्या कुणाला तरी देऊन टाकू. अनेकांतनं पावडरीची पुडी आणून कपाटावर ठेवली.

औषध टाकणं अक्काताईंच्या हातून होणार नव्हतं आणि मोगरा देणंही होणार नव्हतं. चहात पडलेलं चिलट त्या चमच्यानं काढत, बोटावर घेऊन पंख हलतात का बघत. बहुतेक वेळा हलत नसत.

दूध घालायला बायडाबाई येत. माहेर राधानगरीकडचं, बोलणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाणारं. एका सकाळी त्या गॅलरीत डोकावल्या. मोगऱ्याची पिवळी पानं बघून त्यांनी मातीत बोट घातलं. बोट सगळं आत गेलं.

“अक्का, मोगरा लावलाय का भात लावलाय? आमच्याकडं चिखल कराय बैल लागत्यात. तुमी हातानंच केलासा की.”

अक्काताईंनी फडक्याचं सांगितलं. बायडाबाई हसल्या नाहीत. वरची माती कोरडी राहिली की चिलट तिथं अंडी घालत नाही, ओल्या शेणावरही हेच होतं, एवढं त्यांनी सांगितलं.

“मग हे पाणी मी नेऊ कुठं?”

“ते आलंय कुठनं?”

“नळातून.”

“आन नळाला? ह्या तळ्यातनंच की. मी म्हसरं घिऊन रोज तकडंच जातो. चला माझ्यासंगं.”

नळाच्या मागं तळं असेल हे अक्काताईंच्या मनात कधी आलं नव्हतं. जीव जगावेत म्हणून ओतलेल्या पाण्यानं चिलटं वाढली होती आणि ती आमटीत पडून मेली होती.

त्या दुपारी त्यांनी कुंड्यांतली वरची ओली माती चमच्यानं काढली, घमेल्यात भरली आणि खाली नेऊन टाकीजवळच्या केळीच्या सावलीत पसरली. पाण्याची टाकी भरून वाहते, तिथं कायम ओल असते. अळ्या जगल्या की नाही हे बघायला त्या परत गेल्या नाहीत. कुंड्यांवर त्यांनी कोरडी वाळू घातली.

आता रोज सकाळी त्या फडक्याचं पाणी झाकणाच्या पितळी तांब्यात घेऊन बायडाबाईंबरोबर तळ्यावर जातात. दोरी लागत नाही. काठावर बसून तांब्या पाण्यात बुडवायचा आणि सावकाश कलता करायचा. मागं म्हशी उभ्या असतात.

“झालं का, अक्का? का एकेकाला नावानं हाक मारून सोडताय?” बायडाबाई विचारतात.

महिनाअखेरच्या रविवारी आदिती चहा घेऊन गॅलरीत बसली. कपाच्या काठावर एक चिलट येऊन बसलं. तिनं फुंकर घातली, ते उडालं. कप संपेपर्यंत दुसरं आलं नाही. आत जाऊन तिनं कपाटावरची पुडी काढली आणि अनेकांतच्या हातात दिली. दुकानदार परत घेतो का बघ, म्हणाली.

अक्काताई तळ्यावरून अजून यायच्या होत्या.