बाबांच्या चालीचा अंतरा राहिला

मित्रहो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राह्यलो.

माहे बाबा पन्नासच्या दशकात, तरुणपणी, रिसोडच्या एका बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. आता छातीत दम नाही. आज सकाळी म्हणाले, "मी बांधलेली एक चाल हाये. तुह्या कॉम्प्युटरात घालून ठेव."

ते गुणगुणले. मी एकेक सूर टाकला अन् क्लॅरिनेटच्या आवाजात ऐकवला.

बाबा चिडले. "हा श्वास कुठी घेते? वाजवणारा मरून जाईन ना!"

मी श्वासापुरत्या जागा सोडून पुन्हा लावलं. त्याईची बोटं चादरीवर नाचू लागली. पण अंतरा सांगायच्या आधीच थकून झोपले.

संध्याकाळ झाली, अजून उठले नाहीत. मी त्याईच्या खोलीच्या दारापर्यंत जातो अन् परत येतो. अंतरा फक्त त्याईलेच माहीत हाये.

सांगा, उठवू काय?