एका कोयत्यातल्या दोघी

अद्वैत, रेवा,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईला तर नाहीच. गेल्या रविवारी अद्वैत फोनवर म्हणाला, डिसेंबरमध्ये आलो की विमलबाईंना भेटायचं आहे – ज्यांनी मला न्हाऊमाखू घातलं त्यांना. मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, तिच्यासमोर बसण्याआधी तुला हे माहीत असायला हवं. तोंडी सांगायला घेतलं तर मी मध्येच चहा टाकायला उठेन, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं – माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं – पण इंग्रजीत मी फार नीटनेटकं लिहिते. हे तसं लिहायचं नाही. तुम्हाला अडलं तर आईकडून वाचून घ्या. तिलाही कळू दे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आजोबा साखर कारखान्यात शेती अधिकारी होते आणि आमचं क्वार्टर सुरतेजवळ, कडोदऱ्याच्या थोडं पुढे होतं. दिवाळी झाली की समोरच्या मोकळ्या रानात ऊसतोडीला आलेल्या लोकांचा पडाव पडायचा. माणसं खानदेशातली, नवापूर-साक्रीकडची. पाचट आणि प्लास्टिकच्या कोप्यांत राहायची. ऊसतोडीत एकट्या माणसाला काम मिळत नाही. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं साळून मोळी बांधायची, आणि त्या दोघांना मिळून मुकादम ‘एक कोयता’ म्हणतो. कोयता म्हणजे बहुधा नवराबायको. काम एक, कोपीही एक.

विमल आणि यशोदा या दोघी मिळून एक कोयता होत्या. विमल विधवा, यशोदेला नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. मुकादम त्यांना घ्यायला तयार नव्हता. “तुमच्यात नवरा कोण?” असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा यशोदा म्हणाली होती, “ज्या दिनले जी जास्त ऊस तोडस, त्या दिनले ती नवरा.” हे मला विमलनंच सांगितलं. सांगताना ती पदर तोंडाला लावून हसत होती.

त्या दोघींच्या मनात काय होतं, तेही मला माहीत होतं – हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढे ‘माहीत नव्हतं’ म्हणणं मला सोयीचं होईल. त्यांना सुरतेच्या बमरोलीत खानावळ काढायची होती. तिथं लूमवर काम करणारी खानदेशी माणसं गुजराती गोड डाळीला कंटाळलेली होती. विमलनं कळण्याच्या भाकरी करायच्या, रविवारी भरीत. यशोदेनं वाढायचं आणि लोकांना दटावायचं. खोली मिळाली नव्हती, पण त्यांची भांडणं सुरू झाली होती. “पहिलेच दिन भाकर करपाडशी तू,” यशोदा म्हणायची. “आन् तू गिऱ्हाईकले चावशी,” विमल म्हणायची. पुढच्या हंगामात कोयता हातात धरायचा नाही, एवढं मात्र ठरलं होतं.

त्या हिवाळ्यात तुमची आई बाळंतपणाला आली आणि सुरतेच्या दवाखान्यात अद्वैत झाला. त्याच सुमारास कारखान्यात काही मोडलं, गाळप थांबलं, पडावातली माणसं बसून राहिली. विमलचा हात चांगला आहे असं कळलं, म्हणून मी तिला बाळाच्या आणि बाळंतिणीच्या अंघोळीला बोलावलं. ती आमच्याकडेच मागच्या खोलीत राहू लागली. यशोदा बमरोलीला खोली शोधायला गेली.

तुमच्या आईची प्रकृती उत्तम होती. बाळ निरोगी होतं. शोधली असती तर मला दुसरी बाईही मिळाली असती. पण विमलच्या पायांवर बाळ रडत नसे, आणि घर घड्याळासारखं चाललं होतं. मला तसं घर आवडतं – तुम्हाला माहीत आहे.

एका गुरुवारी भर दुपारी यशोदा फाटकाशी आली. विमल गिरणीत दळण आणायला गेली होती. बाहेर रस्त्यावर टेम्पो थांबला होता, त्याच टेम्पोनं यशोदेला परत जायचं होतं. “बेन, तिले सांगा, बमरोलीमा खोली भेटनी. पन शेठ एकलीले देत नही. सोमवारपावत दोन्ही जणी दिसन्यात तरच देस.” ती बोलताना धापा टाकत होती. केसांत जाळीजळमटं अडकली होती – खोली झाडूनच आली असावी.

मी म्हणाले, सांगते.

विमल आली. मी पीठ चाळायला घेतलं. तुम्ही विचाराल, तेव्हाच ठरवलं होतंस का? नाही. गुरुवारी मी फक्त गप्प राहिले. शुक्रवारी वाटलं, सव्वा महिना होऊ दे. शनिवारी वाटलं, दोन अडाणी बायका, खानावळ कसली चालते. रविवारी मी काहीच मनात आणलं नाही, आणि तो दिवस सगळ्यात सोपा गेला.

बुधवारी बाळाला तेल लावताना विमलनं विचारलं, “यशोदाना काही निरोप?” सोमवार उलटून गेला होता. आता खरं सांगितलं, तर इतके दिवस का सांगितलं नाही हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले – अगदी शांतपणे म्हणाले – यशोदा आली होती. तिला खोली मिळाली, दुसरी कोणी जोडीदारीण घेतली आहे तिनं. तुला कळवायला सांगितलं.

विमलनं बाळाची अंघोळ पुरी केली, वेखंड लावलं, दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मग मोरीत जाऊन बराच वेळ पाणी ओतत राहिली.

दोन दिवसांनी सकाळी यशोदा पुन्हा आली. फाटकाबाहेरूनच हाका मारू लागली, “विमल! व विमल!” विमल स्वयंपाकघरात होती. तिनं खिडकीतून पाहिलं आणि स्वयंपाकघराचं दार आपल्या हातानं लावून घेतलं. मला म्हणाली, “सांगा तिले, मी घर नही.”

त्या दारापासून फाटकापर्यंत वीसेक पावलं असतील. तेवढ्यात मी दोघींना समोरासमोर आणू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी फाटकाशी गेले आणि म्हणाले, विमल घरी नाही.

यशोदेनं माझ्या मागे, पायरीकडे पाहिलं. “बेन, तिन्ही चप्पल दिखी राह्यनी.” मग थांबून म्हणाली, “बलावू नका. इतलंच सांगा, मन्हं काय चुकनं?”

मी म्हणाले, मला माहीत नाही.

ती रस्ता ओलांडून पडावाकडे गेली. बमरोलीची खोली दुसऱ्या कोणाला गेली होती. आठवड्यानं गाळप सुरू झालं, पडाव दूरच्या शिवारात हलला. मुकादम आजोबांकडे आला तेव्हा मी त्याला यशोदेचं विचारलं. अर्ध्या कोयत्याला काम कसं देणार, तो म्हणाला, त्यानं तिला एका बायको मेलेल्या गड्याबरोबर जोडून दिलं होतं. जोडून म्हणजे कामापुरतं – पण कोपी एक, हे मी वर लिहिलंच आहे. हे ऐकल्यावर मी काय केलं? मी त्याला चहा दिला.

विमल सव्वा महिना राहिली. जाताना मी तिला नवी साडी नेसवली, तुमच्या आईनं तिला मिठी मारली. पुढच्या हंगामात दोघींपैकी कोणीच आली नाही. यशोदा कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. शोधणं कठीण नव्हतं. आजोबांच्या एका शब्दावर मुकादमानं पत्ता काढला असता. मी शोध घेतला नाही.

विमल आहे. नवापूरजवळ तिच्या गावी, मुलाच्या घरात, दोन्ही गुडघे गेलेले. दर दिवाळीला तिचा फोन येतो आणि ती आधी अद्वैतचं विचारते – “मन्हा पोऱ्या कसा शे?” मागे एकदा मी यशोदेचं नाव काढलं, तेव्हा म्हणाली, तिचं नाव नका घेऊ बेन. यशोदेनं आपल्याला सोडलं आणि बेननं सांभाळलं, असं ती आजही मानते.