फाटकावरची गीताबाई

पूर्णेला गावाबाहेर ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा कारखाना आहे. त्याच्या फाटकावर भला मोठा फलक, आणि फलकावर हसणारी गीताबाई. हातात मोजे, अंगात नारिंगी जाकीट, खाली ठळक अक्षरं: 'कचरावेचक भगिनींना सन्मानाचा रोजगार'. खुद्द गीताबाईला मात्र त्या फाटकातून आत जायची मुभा नव्हती. या निलाजरेपणाला काय म्हणावं!

फोटो काढला तेव्हा कंपनीच्या माणसांनी गीताबाईसकट नऊ बायकांना शब्द दिला होता, की कचरा निवडायचं काम तुमचंच. फोटो झाल्याबरोबर मोजे आणि जाकीट परत मागून घेतलं. भरतीच्या दिवशी मॅनेजर शंभुराज यांनी दहावीचा दाखला मागितला. नऊजणींत शाळेचं तोंड पाहिलेली एकटी बबिता, तीही चौथीपर्यंत. बाहेरची पोरं भरली. बावीस वर्षं उघड्या हातांनी अख्ख्या बाजाराचा कचरा निवडला, काचांनी बोटं फाडून घेतली, ते सगळं एका कागदापुढं मातीमोल.

गीताबाई भाजीबाजारातला टाकाऊ पाला म्हशीवाल्यांना पुरवायची. कशानं म्हशीचं पोट बिघडेल, हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. लिंबाची सालं, लोणच्याचा खार, हॉटेलचं जळकं तेल ती आधी वेगळं काढायची. कारखान्याची टाकी शेण घालून चालू केली, तेव्हाच तिनं फाटकाबाहेरून बजावलं होतं, की ही टाकी म्हणजे म्हशीचं पोटच आहे, वाट्टेल ते घालू नका. आतली पोरं फिदीफिदी हसली होती.

मग लग्नसराई आली. मंगल कार्यालयांचं तेलकट उष्टं, सरबताच्या गाड्यांवरची पोतीभर सालं, काहीही न निवडता टाकीत गेलं. पंधरवड्यात टाकी आंबली. गॅस बंद आणि घाण वास थेट स्टेशनापर्यंत. इंजिनिअरला फोन करून झाले, औषधं टाकून झाली. वरचे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर मात्र शंभुराज गाडी घेऊन गीताबाईच्या दारात हजर.

गीताबाई गाडीत बसली नाही. बाकीच्या आठही जणींना गोळा करून ती पायी फाटकापर्यंत आली. वास घेतला आणि सांगितलं, की भरणं बंद ठेवावं लागेल, ताजं शेण पाजावं लागेल, आणि पुढं एकेक पोतं निवडूनच आत गेलं पाहिजे. ते आम्ही करू, पण नऊजणी, आणि कार्डावर नाव असेल तरच.

शंभुराज गोड झाले. म्हणाले, "मावशी, आजच्यापुरतं तुम्ही एकट्या आत चला. कार्डाला फोटो लागतात, वेळ लागतो."

गीताबाईचा संताप इतक्या दिवसांचा होता, तरी आवाज चढला नाही. तिनं नुसतं बोट वर केलं.

"फोटो तर वर्षापासनं तुमीच दारावर टांगलाय, साहेब. बाकीच्या आठजणी हितंच हायेत, काढा त्यांचेबी. कार्डं झाली की मंग आत येतो आमी."

आणि ती त्या फलकाखाली मांडी घालून बसली. तिच्या शेजारी बबिता, मग बाकीच्या.

दुपार टळायच्या आत नऊ कार्डं झाली. दहावीचा दाखला कुणी मागितला नाही.